सहीची जागा

आल्मेरे
१४ नोव्हेंबर २०२१

चि. भार्गवी,

तुझा फोन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही घडत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. आशुतोष म्हणाला, "बाबा, ट्रेनने पन्नास मिनिटांवर राहते ती. लेटर काय लिहिताय?" मी म्हटलं, ज्याने चौतीस वर्षं अबकारी खात्यात काढली त्याला जे काही बोलता येतं ते कागदावरच. मंजूषा हसली. तुझी वहिनी हसली की या घरात माणसं राहतात असं वाटतं, एरवी तुझा भाऊ सकाळी नऊपासून हेडफोन लावून भिंतीशी बोलत असतो.

मी येऊन तीन आठवडे झाले. दोन्ही लशी घेतल्यात, मोबाइलमध्ये तो चौकोनी कोड आहे, पण तो दाखवून जायचं कुठे? कालपासून दुकानं पुन्हा लवकर बंद. मागच्या खेपेला, २०२० च्या मार्चात, मी इथे अडकलो होतो तेव्हा टीव्हीवर दाखवलं होतं, आठवतं? सरकारने सहा वाजता सगळं बंद म्हणून सांगितलं आणि लोक धावले ते कॉफीशॉपांपुढे रांगा लावायला. पुण्यात लोक पिठासाठी रांगेत आणि इथे गांजासाठी. मी पंचांसमक्ष गांजाची पोती जाळलेला माणूस. मी सोफ्यावर बसून बघत राहिलो आणि तू शेजारून म्हणालीस, "बाबा, तोंड मिटा, माशी जाईल."

तुझी सुनावणी २० जानेवारीला आहे असं मंजूषाकडून कळलं. सवयीने प्रकरणाची टिपणी करून पाहिली, चुकत असेल तर सांग. तुझ्या गावात कॉफीशॉपचा परवाना एकच. तो एकोणीस वर्षं एकाच घरात, दर वेळी आपोआप नवा होणारा. २०१९ साली तू कोर्टात गेलीस, की परवाने मोजके असतील तर संधी सगळ्यांना सारखी हवी. कोर्टाने ते मानलं. मग खेमेंतेने, म्हणजे तुमच्या नगरपालिकेने, अर्ज मागवले, आधी छाननी आणि मग सोडत. सहा अर्ज आले. छाननीत तुझा एकटीचा बाद झाला, कारण कुणीतरी तुझ्याविरुद्ध निनावी पत्र पाठवलं. उरलेल्या पाचांत सोडत निघाली आणि परवाना त्याच घरातल्या पुतण्याला गेला. आता तू म्हणतेस, मला बाद करणं चूक होतं, सोडत पुन्हा काढा. हरलीस तर हा परवाना पुढची दहा वर्षं मोकळा होत नाही. बरोबर?

तुझा मुद्दा भक्कम आहे. निनावी अर्जाला आमच्याकडे किंमत शून्य. ढिगाने यायचे. वर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारायचा आणि गठ्ठ्यात ढकलायचा. अशा कुठल्यातरी दोन पानांवरून माणसाला बाद करतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. वकिलाला हे ठासून मांडायला सांग. मसुदा हवा असेल तर मी करून देतो.

तू माझ्यावर रागावली आहेस ती या धंद्याला मी तोंड वाकडं केलं म्हणून, हे मी जाणतो. पण आपण याआधीही भांडलो आहोत. तू तिसरी-चौथीत होतीस तेव्हा मी घरी फायली आणायचो आणि जिथे सही व्हायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचं काम तुझं असायचं. एखादी फुली चुकली की मी ओरडायचो, तू रुसून पलंगाखाली जायचीस, आणि जेवायची हाक मारली की आपोआप बाहेर यायचीस. आता जेवायची वेळ होऊन गेली, बाळा.

परतीचं तिकीट १५ जानेवारीचं आहे. त्याआधी एकदा ये. तुझ्या योरिसलाही आण.

तुझा बाबा


आल्मेरे
२८ नोव्हेंबर २०२१

चि. भार्गवी,

उत्तर आलं नाही. टपालाचा दोष नसावा, इथलं टपाल शहाण्यासारखं वागतं.

काल दुपारी मंजूषाने मला खेमेंतेचा निकाल वाचून दाखवला. मी मागितला नव्हता. मी मेथी निवडत होतो, ती लॅपटॉप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे मसुदा करायला निघालात, आधी ऐका तरी काय म्हणलंय." तिचं डच आता इतकं चांगलं आहे की डोळ्यांनी डच वाचते आणि तोंडाने मराठी सांगते. आशुतोष दहा वर्षं राहून बेकरीत बोट दाखवून पाव घेतो.

पहिली तीन पानं कायद्याची होती. मग ती म्हणाली, "इथे त्या पत्रातला उतारा दिलाय." आणि वाचायला लागली. ‘विश्वसनीय सूत्रांकडून असे समजते की सदर अर्जदार ही केवळ नावापुरती अर्जदार असून, प्रत्यक्ष व्यवसाय तिच्यासोबत राहणारा इसम करणार आहे. सदर इसमास अमली वनस्पतींच्या लागवडीबद्दल यापूर्वी शिक्षा झालेली आहे व ही बाब हेतुपुरस्सर दडवण्यात आली आहे.’

मूळ इंग्रजीत असणार, खेमेंतेने त्याचं डच केलं, मंजूषाने डचचं मराठी. तीन भाषांतून फिरून वाक्य जिथून निघालं होतं तिथेच येऊन उभं राहिलं. ‘सदर इसम’ असं आमच्या खात्याबाहेर कोण बोलतं? मंजूषा तिथे थांबली. माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली होती. मग ती पुढे वाचायला लागली, जरा सावकाश.

खेमेंतेचं म्हणणं असं, की पत्र निनावी असलं तरी त्यातला तपशील इतका आतला आहे की लिहिणारा अर्जदाराच्या जवळचा असणार, म्हणून ते विश्वासार्ह. चौकशी केली तर योरिसची दंडाची नोंद सापडली. अर्जात त्याचं नाव नव्हतं. म्हणून माहिती दडवली, म्हणून बाद. आमच्याकडे नाव नाही म्हणून पत्र खोटं धरतात. यांनी नाव नाही म्हणून ते जास्त खरं धरलं.

मंजूषाने आणखी एक सांगितलं, जे निकालात नाही. निकाल आला त्या आठवड्यात योरिस तुला म्हणाला होता, मी घर सोडून दुसरीकडे राहतो, म्हणजे तुझा अर्ज तरी टिकेल. आणि तू त्याची बॅग उचलून परत कपाटावर ठेवलीस. शाळेत पोरांना पोहायला शिकवणारा माणूस तो. हे मला माहीत नव्हतं.

ज्याने ते पत्र लिहिलं त्याला इतकं पुढे जाईल असं वाटलं नसावं. एवढंच म्हणायचं होतं.

मेथीचे पराठे केले होते. तुझ्यासाठी चार फ्रीजरमध्ये ठेवलेत.

बाबा


आल्मेरे
१२ डिसेंबर २०२१

भार्गवी,

हे लवकर लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

मला वाटतं, ते पत्र कुणी लिहिलं असेल हे मला कळलं आहे. मे २०२० मध्ये तू आल्मेरेला आली होतीस, आपण वेअरवॉटर तळ्याच्या कडेने फिरलो होतो. मध्ये दीड मीटर अंतर, त्यामुळे तू जरा मोठ्याने बोलत होतीस, आणि मराठी कुणाला कळणार म्हणून बिनधास्त. तेव्हा तू मला योरिसचं सांगितलंस, की कॉलेजात असताना माळ्यावर हौसेने सात रोपं लावली होती, पाचपर्यंत चालतात, दोन जास्त निघाली, दंड भरला. "हे फक्त तुम्हाला सांगतेय बाबा, आशूलासुद्धा नाही," असं म्हणालीस.

त्याच आठवड्यात बाळासाहेबांचा फोन आला होता. गप्पांच्या ओघात मी त्यांना बोललो असेन. तुला बाळासाहेब ठाऊकच आहेत. माझ्याबरोबर खात्यात पंचवीस वर्षं होते, लायसन्सचा विषय निघाला की त्यांना राहवायचं नाही. त्यांनी आपल्या परीने तुझ्या भल्यासाठी म्हणून काही लिहून पाठवलं असेल. माझी चूक एवढीच की मी तोंड उघडलं. त्याबद्दल मला क्षमा कर.

वकिलाला सांगायचं असेल तर सांग.

बाबा


आल्मेरे
२० डिसेंबर २०२१

भार्गवी,

मागचं पत्र फाडून टाक. नको, फाडू नकोस. ते माझ्या नावावर राहू दे.

तू मंजूषाला फोन केलास. माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, एकच गोष्ट विचारलीस: "बाळासाहेबकाका एप्रिलमध्ये गेले ना?" मंजूषाने हो म्हटलं. तू फोन ठेवलास. मंजूषाने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि धुतलेले कपडे वाळत घालायला वर निघून गेली.

हो, गेले. एप्रिलमध्ये, ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत उशीर झाला. त्यांना शेवटचं बघायलाही कुणी जाऊ शकलं नाही, मी फाटकापाशी मास्क लावून उभा होतो. तू सातवीत असताना त्यांनी तुला भिंग आणून दिलं होतं, ज्यातून तू घरातली प्रत्येक कुंडी तपासलीस, आणि तिथूनच तुझी वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठाची वाट सुरू झाली. त्या माणसाच्या अंगावर मी माझं पाप ढकललं, कारण तो उठून ‘नाही’ म्हणणार नव्हता. पत्र पेटीत टाकल्यावर मला हलकं वाटलं होतं, हेही सांगतो. दोन दिवस छान झोप लागली.

पत्र मी लिहिलं.

लिहून बघितलं, तर ओळ एवढीशीच आहे.

आता सगळं सांगतो. कालपासून इथे पुन्हा सगळं बंद आहे, आशुतोष घरात आहे, मंजूषा घरात आहे, आणि मला या खोलीत तोंड लपवायला जागा नाही.

त्या दिवशी फिरताना तू अर्जाबद्दल सांगत होतीस. पुढच्या दाराने विकायला मुभा आणि मागच्या दाराने माल आणायला बंदी, असला हा इथला कायदा. लोक दुखण्यासाठी, झोपेसाठी हे घेतात आणि आत काय आहे कुणाला ठाऊक नसतं. तुला प्रत्येक पुडी तपासून, चिठ्ठी लावून विकायची होती. तुझे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "छान." हे एवढंच म्हटलं. तोंड वाकडं केलंच नव्हतं मी, पहिल्या पत्रात तेही खोटं लिहिलं. तुझ्यासमोर मी कधी नाही म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर तू भांडली असतीस, आणि भांडणात तू जिंकतेस.

बाळासाहेबांचा फोन आला होता हे खरं. त्यांनी विचारलं, "भार्गवी काय करते सध्या?" आणि मी म्हणालो, "बी-बियाण्यांचं संशोधन." ते म्हणाले, "वा, पोरीनं नाव काढलं." फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. भार्गवी, तुझा धंदा चांगला की वाईट याचा विचार मी केलाच नाही. रविकांत खांबेटेची मुलगी गांजा विकते, हे वाक्य पुण्यात कुणाच्या तोंडी येईल, एवढाच विचार केला.

मग मला वाटलं, कुणाशीही न भांडता हे नुसतं अडलं तर? लायसन्स कसं अडवायचं हे मला माहीत होतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा वैताग म्हणजे बेनामी लायसन्स: नाव एकाचं, दुकान दुसऱ्याचं. ‘बेनामी’ असा नुसता वास आला की फाइल सहा महिने हलायची नाही. म्हणून तेच लिहिलं. तू नुसती नाव देणारी, मालक योरिस. तू एकोणीस वर्षांची मक्तेदारी कोर्टात मोडलेली माझी लेक, आणि मी लिहिलं की तुला स्वतःचं डोकं नाही. योरिसच्या दोन जास्तीच्या रोपांची मी ‘लागवड’ केली आणि दंडाची ‘शिक्षा’ केली. शब्द कसे फुगवायचे ते शिकायला मला चौतीस वर्षं पगार मिळत होता.

मी तुला लिहिलं की निनावी अर्ज दप्तरी दाखल होतो. मीही स्वतःला तेच सांगत आलो, की मला वाटलं कुणी लक्ष देणार नाही. मग मी एवढी खबरदारी का घेतली? आशुतोषने हापूसच्या पेट्या मागवल्या होत्या, त्यातली एक न्यूनेनला त्याच्या मित्राकडे पोचवायची होती. मी म्हटलं, मीही येतो, तेवढंच फिरणं. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं. आल्मेरेचा शिक्का नको म्हणून दीड तास गाडीत बसून गेलो. आशुतोष अंगणातूनच पेटी देत होता, दुरून गप्पा मारत होता, आणि मी पाय मोकळे करतो म्हणून कोपऱ्यावर गेलो. इथल्या केशरी टपालपेटीला दोन तोंडं असतात, एक जवळच्या गावांसाठी, एक बाकीच्या देशासाठी. मी चष्मा काढून, पुसून, नीट वाचून योग्य तोंडात टाकलं. कुणी लक्ष देऊ नये अशी इच्छा असलेला माणूस असं करत नाही. परत येताना आशुतोषने मला एक आंबा कापून दिला होता आणि मी तो चवीने खाल्ला.

आणि तू जुलैत मला विमानतळावर सोडायला आलीस, स्ट्रोपवाफल बिस्किटांचा डबा घेऊन. मी तुला म्हणालो, "अर्जाचं काय झालं ते कळव हं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आजी म्हणायची. मला वाटायचं ते दुसऱ्यांबद्दल असतं.

मला लाज वाटते. वेगळा शब्द शोधत होतो, नाही सापडला. जेवताना वाटते, मंजूषाने चहा दिला की वाटते, आशुतोष ‘बाबा’ म्हणाला की वाटते. आशीर्वाद लिहायचा मला हक्क नाही म्हणून तो वरही लिहिला नाही आणि खालीही लिहीत नाही.

बाबा


आल्मेरे
२७ डिसेंबर २०२१

भार्गवी,

मागचं पत्र मी मंजूषाकडे पेटीत टाकायला दिलं आणि पाकीट उघडंच ठेवलं. म्हटलं, "आधी तू वाच. मग आशुतोषला वाचू दे. मग चिकटव."

तिने उभ्याउभ्या वाचलं आणि आशुतोषला हाक मारली. तुझा भाऊ वाचून लाल झाला. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण तो घाबरला होता. "बाबा, प्लीज, आता कुणाला काही बोलू नका. लॉयर आहे तिचा, तो फाइट करतोय. तुम्ही नाव दिलंत तर ते ऑन रेकॉर्ड जाईल. माझं पासपोर्टचं अ‍ॅप्लिकेशन पेंडिंग आहे. आणि मंडळात काय सांगू? यंदा गणपतीचा सेक्रेटरी मी आहे!"

त्याच्या तोंडून मी स्वतःलाच ऐकलं. मंडळात काय सांगू. मी त्याला म्हटलं, "सांग की माझ्या बापाने खोटं लिहिलं आणि मग ते खोटं आहे असंही लिहून दिलं."

"आणि त्याने पुढे काही लफडं झालं तर?"

"झालं तर माझ्यावर होईल. तुझ्या गणपतीवर नाही."

तो हेडफोन घेऊन वर गेला. मंजूषा म्हणाली, "येईल खाली." आणि ती ड्रॉवरपाशी गेली, जिथे ती वीजबिलं आणि मुदत संपलेली कार्डं ठेवते. तळातून एक तपकिरी पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे भार्गवीने दिलं होतं. मागच्या वर्षी, सप्टेंबरात. म्हणाली, बाबा आपणहून बोलले तर दे. नाही बोलले तर केस संपल्यावर मला परत दे."

मी विचारलं, "म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी तू मला वाचून दाखवलंस ते?"

"वाटलं, ऐकल्यावर तरी बोलाल." मग म्हणाली, "वकिलाने तिला विचारलं होतं, कुणी लिहिलं असेल काही अंदाज? ती म्हणाली, नाही. तिने एक नाव सांगितलं असतं ना बाबा, तर तेव्हाच केस उलटली असती."

मी पाकीट उघडलं. तुला माहीत आहे आत काय होतं. चिठ्ठी नाही, ‘बाबा’ नाही, एक अक्षर नाही. माझ्याच दोन पानांची छायाप्रत. खेमेंतेचा आवक शिक्का, तारीख, आणि माझी वाक्यं, एकेक नीट समास सोडून टाइप केलेली. दुसऱ्या पानावर शेवटची ओळ, ‘जनहितार्थ आपल्या माहितीसाठी सादर’ याचं मी केलेलं इंग्रजी. त्याखाली कोरी जागा. आणि त्या कोऱ्या जागेत, उजवीकडे, पेन्सिलीची एक बारीक फुली.

सव्वा वर्ष ती फुली वीजबिलांखाली होती. मी पुण्यात बसून तुला फोन करत होतो, ‘कामात असशील’ असा निरोप ठेवत होतो, तेव्हा ती होती. मी मसुदा करून देतो म्हणालो, बाळासाहेबांचं नाव घेतलं, तेव्हाही ती होती, मी जेवत होतो त्या टेबलापासून चार पावलांवर. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तू तोंड मिटून हरत राहिलीस. मला पकडायला नाही. मी आपल्या पायांनी यावं म्हणून. लहानपणी तू रुसायचीस आणि मी जेवणाची हाक मारायचो. या वेळी पलंगाखाली मी होतो.

मी रडलो. मंजूषासमोर, मोठ्याने. तिने पाणी आणलं नाही, नुसती बसून राहिली. बरं केलं तिने.

मग तिच्याकडून पेन घेतलं आणि फुलीवर सही केली. पूर्ण नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर. खाली लिहिलं: हे पत्र माझे आहे. अर्जदार नावापुरती आहे हे विधान खोटे असून ते खोटे आहे हे मला लिहिताना माहीत होते. सोबत्याच्या दंडाची गोष्ट तिने मला मुलगी म्हणून विश्वासाने सांगितली होती आणि तिचा अर्ज बाद व्हावा या हेतूने मी ती फुगवून लिहिली. मंजूषाने त्याचं डच केलं. ‘फुगवून’ला शब्द शोधताना तिला जरा वेळ लागला, तेव्हा मी म्हटलं, सरळ ‘खोटं करून’ लिही.

आशुतोष जेवायला खाली आला. पान वाढल्यावर म्हणाला, "तिकीट चेंज करायला लागेल ना तुमचं? पंधरा तारखेचं आहे." आणि जेवता जेवता फोनवर बदलून टाकलं. आता एकवीसचं आहे, व्हिसाचा शेवटचा दिवस. वीस तारखेला तो मला गाडीने कोर्टात घेऊन येईल. तुझ्या वकिलाने मंजूषाला सांगितलंय की कागद सोबत असला तरी न्यायाधीश मला तोंडी विचारतील, दुभाषी देतील. मी दुभाष्याला सावकाश सांगेन, म्हणजे त्याचा एकही शब्द इकडेतिकडे जायला नको.

तू तिथे असशील. योरिसही असेल. मी आत आल्यावर उठून उभी राहू नकोस, सवयीने राहशील म्हणून सांगतो. आणि नंतर माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही. माझी एकच विनंती आहे: सोडत पुन्हा निघाली आणि चिठ्ठी तुझ्या नावाची आली, तर दुकानावर पाटी लावशील तेव्हा आडनाव गाळू नकोस. पुण्यात कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर या वेळी मी सांगेन.

सही केलेला मूळ कागद सोबत जोडला आहे. नीट तपास. फुली पुसलेली नाही, सहीच्या खाली दिसते आहे.

रविकांत वामन खांबेटे